जे अंगावरून गेलंय ते लोकांच्याच तोंडून छापा

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय. जागा कमी असली तर कापा, पण किल्लारीच्या भूकंपाचा आणि कच्छला गेलेल्या बायकांचा भाग तेवढा ठेवा ही विनंती. मागणी माझी एकच आहे. आपल्या पेपरात आठवड्यातून एकदा, रविवारी म्हणा की अजून कधी, निदान अर्धं पान असं द्या ज्याच्यात साध्या माणसानं स्वतः भोगलेलं, स्वतः बघितलेलं, स्वतः करून पाहिलेलं खरं खरं सांगितलेलं असेल, त्याच्याच बोलीत. पुढाऱ्याचं भाषण नको, तज्ज्ञाचा लेख नको, ते बाकीच्या पानांवर असतंयच. शेतकरी, ऊसतोडीला जाणारी बाई, एसटीचा कंडक्टर, दवाखान्याच्या व्हरांड्यात रात्र रात्र काढलेला बाप, ह्यांनी सांगायचं की बाबा माझ्यावर हे आलं, मी हे केलं, त्यातलं हे जमलं आणि हे फसलं.

माझं औसा तालुक्यात खत-बियाणांचं दुकान आहे. माणूस बियाणाची बॅग घ्यायला येतो आणि पोत्यावर टेकला की अर्धा तास बोलतो, पाऊस, पोरीचं लग्न, बँकेचा हप्ता, बायकोचं ऑपरेशन, सगळं. त्या बोलण्यात जे मिळतंय ते मला व्हिडिओत नाही सापडलं, पुस्तकात नाही सापडलं, आणि ते सगळं तिथंच काउंटरवर विरून जातंय, ह्या गावचं त्या गावाला कळत नाही, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं म्हणून हे लिहायला बसलो.

२०२२ चा जुलै आठवा. लातूर, धाराशिव, बीड, सगळीकडं शंखी गोगलगायीनं सोयाबीन खाल्लं होतं. उगवून दोन पानावर आलं की रात्रीतून साफ, सकाळी बघावं तर नुसते शेंडे तुटलेले देठ. लोकांनी दुबार पेरलं, काहींचं ते पण गेलं. दुकानात गर्दी अशी की काहीपण द्या पण औषध द्या. तेव्हा एक साठीच्या पुढचे शेतकरी आले, त्यांनी पावती करायच्या आधी तिथंच उभं राहून बाकीच्यांना सांगितलं, "मी दोनदा फवारणी केलो, दिवसा केलो, पैसे पाण्यात. ती दिवसा दगडाखाली, बांधाच्या गवतात ओलीला बसती, निघती अंधार पडल्यावर. मग गोणपाट गुळाच्या पाण्यात बुडवलो आन् सांजच्याला बांधाच्या कडंनं टाकलो. पहाटं उचललं की एकेकाखाली ओंजळ ओंजळ निघायल्या. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून आम्ही घरचे सगळे वेचलो, नातू बॅटरी धरून, आन् मिठाच्या पाण्याच्या बकेटीत टाकलो. पण माझ्या एकट्यानं भागंना, शेजारचं रान तसंच, त्याच्या बांधावरून रोज परत यायल्या, मग त्याला पण बरोबर घेतलो तवा कुठं कमी झाल्या." आता हे गुळाच्या गोणपाटाचं कृषी विभागाच्या पत्रकात पण होतं बरं का, मेटाल्डिहाइडचे, म्हणजे गोगलगाय मारायच्या औषधाचे, दाणे कसे टाकायचे ते पण होतं, आणि ते पत्रक माझ्याच दुकानाच्या भिंतीवर चिकटवलेलं होतं. त्याच्याकडं कुणी मान वर करून बघत नव्हतं. ज्याचं स्वतःचं रान गेलंय तो माणूस समोर उभा राहून सांगतोय म्हटल्यावर मात्र सगळे गप्प होऊन ऐकायला लागले, कुणी विचारलं गूळ किती टाकला, कुणी विचारलं एकरी किती पोती, आणि त्याच आठवड्यात आमच्या शेजारच्या गावात चार-पाच बांधकरी मिळून संध्याकाळी निघायला लागले. पत्रकात उपाय असतो, पण कोणता उपाय फसला, किती पैसा गेला, एकट्यानं केलं तर काय होतंय, हे पत्रकात कधीच नसतंय. ते फक्त भोगलेला माणूस सांगतो.

आता किल्लारीच्या भूकंपाचं. ३० सप्टेंबर १९९३, गुरुवारची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. दहा हजाराच्या आसपास माणसं गेली असं धरतात, ५२ गावं पार दुसऱ्या जागेवर नव्यानं वसवली. एवढं सगळ्यांना माहीत आहे, दरवर्षी श्रद्धांजली होती, पेपरात फोटो येतो. पण त्या रात्री घरात, गल्लीत नेमकं काय काय झालं हे सांगणारे आता म्हातारे व्हायले, आणि त्यांच्याच नातवंडांना त्यातलं काही माहीत नाही, ही गोष्ट मी स्वतःच्या घरात बघितलीय.

मी तेव्हा पाचवीला होतो. आमच्या गावात भिंती पडल्या, माणसं वाचली. माझ्या थोरल्या मामांचं गाव मात्र त्या बावन्नातलं. मामा कित्येक वर्षं ह्या विषयावर अक्षर बोलले नाहीत, विषय निघाला की उठून रानात जायचे, मामी पदर तोंडाला लावून आत जायची, म्हणून आम्ही पण कुणी विचारत नव्हतो. मग काही वर्षांमागं मामांचा मुलगा रानात घर बांधायला निघाला, आणि मिस्त्री म्हणाला की कॉलम-बिलम कशाला, दगड पडलाच आहे जुन्या गावाचा, तोच मातीत रचू आणि वर पत्रे टाकू, लाखभर रुपये वाचतील. त्या दिवशी मामा बोलले. आम्ही सगळे होतो, मिस्त्री पण होता.

मामांनी आधी भिंतीपासून सुरुवात केली. म्हणाले, "आपलं घर माळवदाचं होतं. भिंत अडीच हात रुंद. बाहेरून दगड, आतून दगड, आन् मधी नुसती माती आन् बारीक दगडाचे तुकडे भरलेले. बाहेरचा दगड आतल्याला कुठं धरूनच नव्हता. वर तुळया आन् त्याच्यावर माती. गळू नये म्हणून माझा बाप दर साली पावसाळ्याच्या आधी अजून माती टाकायचा, त्याच्या बापानं पण टाकली होती. उन्हाळ्यात किती गार लागतंय म्हणून आम्ही पाव्हण्यांना कौतुकानं सांगायचो." मग म्हणाले, "आधीच्या साली, ब्याण्णवला, धक्के बसूच लागले होते. भुईतून ढग गडगडल्यावानी आवाज यायचा. किती दिवस बाहेर झोपलो. मग पाऊस, इच्चू-काटा, लेकरांना ताप, आन् लोक म्हणायले आता काही होत नाही, तर गेलो आत." भूकंपाच्या रात्री मामा उकडतंय म्हणून बैलांपाशी बाहेर आडवे झाले होते, म्हणून ते आहेत.

"दुसऱ्या दिवशी पुनव होती," मामा म्हणाले, "चांदणं टिपूर असंल, पण धुळीनं हाताला हात दिसंना. वरडायचे आवाज यायले पण कुठून ते कळंना, कारण गल्लीच राहिली नव्हती, कुणाचं घर कुठं हे वळखावं कशावरून. कुदळ मारायची भ्या वाटायची, खाली कुणी असलं तर. हातानं दगड काढलो." त्यांची लहानी पोरगी सापडली तेव्हा तिला कुठं खरचटलेलं पण नव्हतं, नाकातोंडात माती होती. मग पाऊस लागला, आणि त्या पावसात लाकडं ओली, माणसं एवढी की एकेकाला वेगळं सरण नाही.

मामा तिथं थांबले. मिस्त्री पण उठून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानंच जोत्याला आणि लिंटलला पट्टा कसा बांधायचा, सळई किती लागते ते कागदावर मांडून आणलं आणि हिशोब घेऊन बसला. भूकंपानंतर आलेल्या इंजिनिअर लोकांनी पण तेच लिहिलंय जे मामांनी सांगितलं, जाड दगडाच्या भिंती, मातीत रचलेल्या, दोन्ही अंगांना बांधणारे आरपार दगड नाहीत आणि डोक्यावर मातीचं ओझं. पण ते रिपोर्ट कुठल्या ऑफिसात आहेत आमच्या मिस्त्रीला काय माहीत. मामांनी सांगितलेलं त्याला कळलं, कारण त्याला त्यात त्याची पण पोरगी दिसली असणार. मला आज नवीन गावठाणात फिरताना भीती वाटते ती हीच, लोक पुनर्वसनाच्या घराला लागून परत जुना दगड मातीत रचायलेत, कारण रचणारा पोरगा त्या रात्रीच्या नंतर जन्मलेला आहे आणि त्याला घरात कुणी बसवून सांगितलेलं नाही.

ह्याच्याच पुढची गोष्ट जास्त लोकांना माहीत नाही म्हणून सांगतो. भूकंपानंतर जी घरं पडली नव्हती पण तडकली होती त्यांच्या दुरुस्तीचं आणि मजबुतीकरणाचं सरकारी काम निघालं, जागतिक बँकेचा पैसा होता. त्यात गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून घेतलं, म्हणजे घरोघर जाऊन कोपरे कसे बांधायचे, माळवदाचं ओझं कमी का करायचं, पैशाचा हप्ता कधी मिळतो हे दुसऱ्या बायकांना समजावून सांगायचं काम. ज्या बायका त्याच्या आधी गावच्या बैठकीत डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नव्हत्या त्या मिस्त्रीला विचारायला लागल्या की आरपार दगड टाकला का दाखव. पुढं २६ जानेवारी २००१ ला कच्छचा भूकंप झाला तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेबरोबर लातूर-उस्मानाबादकडच्या बायका तिकडं गेल्या. त्यांच्याकडं डिग्री नव्हती, गुजराती येत नव्हतं, पण आमची पण घरं अशीच पडली, आमची पण माणसं गेली, आम्ही पण शेडमध्ये राहिलो आणि मग अशी अशी घरं परत उभी केली, हे सांगणारं दुसरं कोण होतं तिथं? ढिगाऱ्यापुढं बसलेल्या बाईला मदत देणारे ट्रक भरपूर आले असतील, पण ह्यातून गेलेली आणि आज समोर चालत-बोलत उभी असलेली बाई बघणं ही वेगळीच मदत आहे. ह्या बायका आपल्याच जिल्ह्यात आहेत. त्यांच्यातल्या किती जणींचं सांगणं आपल्या मराठी पेपरात त्यांच्याच शब्दात आलंय? आणि तसंच त्या मुलांचं. बाराशेच्या आसपास भूकंपग्रस्त मुलं शांतिलाल मुथ्था आणि भारतीय जैन संघटनेनं पुण्याला नेऊन शिकवली. ती आज माझ्यापेक्षा थोडी लहान-मोठी, चाळिशी-पन्नाशीतली माणसं आहेत, कुणी नोकरीला, कुणी परत शेतीत. अचानक गाव, आई, भाषा सगळं सोडून हॉस्टेलला गेलेल्या पोराला पहिली दिवाळी कशी गेली हे त्यानं सांगितलं तर आज ज्या घरात लेकरं पोरकी झालीत त्या घरातल्या काका-मामांना किती उपयोग होईल, विचार करा.

खरं सांगणारे गप्प बसले की ती जागा मोकळी राहत नाही हे पण लक्षात घ्या. हिंगोली जिल्ह्यात २०२४ च्या मार्चमध्ये आणि परत १० जुलैला सकाळी ४.५ रिश्टरचा धक्का बसला, नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर दुपारपर्यंत मेसेज आला की रात्री ह्या वाजता मोठा भूकंप येणार आहे, नासानं सांगितलंय, पुढं पाठवा. लोकांनी लेकरं घेऊन रस्त्यावर रात्र काढली. भूकंप कधी येणार हे तारीख-वेळ घालून जगात कुणालाच सांगता येत नाही. त्याच ग्रुपवर मी मामांचं दोन मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड करून टाकलं, की दगड-मातीचं घर असलं तर त्यात झोपू नका, पत्र्यावर ठेवलेले दगड खाली काढा, बॅटरी उशाला ठेवा, आणि वेळ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आम्ही पण तवा लई अफवा ऐकल्या. त्या नासाच्या मेसेजखाली जे चाललं होतं ते बंद झालं. मामा कोण आहेत, कुठल्या गावचे आहेत, हे लोकांना माहीत होतं, एवढाच फरक.

माझं म्हणणं असं नाही की प्रत्येक गोष्ट उपयोगाचीच असली पाहिजे. काही गोष्टी सांगितल्यामुळं न्याय मिळायला सुरुवात होते. बीडकडच्या ऊसतोड बायकांचं घ्या. गर्भपिशव्या काढून टाकायचं प्रमाण एवढं वाढलंय हे कुठल्या सरकारी रजिस्टरमधून आधी बाहेर आलं नाही, ते बायकांनी तोंड उघडलं तेव्हा बाहेर आलं. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, एक दिवस खाडा झाला की पैसे कापणार, पाळीच्या दिवसात पण डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरायची, फडात ना आडोसा ना पाणी, आणि पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलं की पिशवी काढून टाका म्हणजे कटकट गेली. हे एकीनं सांगितलं, मग दुसरीनं. २०१९ ला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, आणि बीड जिल्ह्यात तेरा हजाराच्या वर बायकांच्या पिशव्या काढल्याचं समोर आलं. पहिल्यांदा बोलली त्या बाईचं नाव कुणाला माहीत नसेल, पण ती बोलली नसती तर आज सुद्धा तो आकडा प्रत्येकीच्या पोटातच राहिला असता.

इथं एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगायचीय. आमच्या ओळखीतल्या एका घरात कर्त्या माणसानं जीव दिला. तिसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन लोक आले, कुठल्या चॅनेलचे ते जाऊ द्या, आणि त्या बाईला विचारायलेत की तुम्हाला आता कसं वाटतंय, जरा इकडं तोंड करा. तिचं तान्हं मांडीवर. ती बाई त्यानंतर वर्षभर कुणाशी नीट बोलली नाही. मी ज्या पानाची मागणी करतोय ते असं नको. ज्याची गोष्ट त्याच्या मनात येईल तेव्हा, त्याला जेवढी सांगायचीय तेवढीच, आणि नको म्हणाला तर तिथंच थांबायचं. तीच बाई आज, एवढ्या वर्षांनी, बचत गटाच्या मीटिंगमध्ये नवीन विधवा झालेल्या पोरीला स्वतःहून सांगती की सातबाऱ्यावर नाव लवकर लावून घे, दीर काय म्हणतोय ते ऐकत बसू नको, मी ऐकत बसले म्हणून मला किती हेलपाटे पडले, वारसाच्या अर्जाला कोणते कागद लागतात ते मी सांगते तुला. तिनं स्वतः वेळ ठरवली, स्वतः माणूस ठरवलं. तिचं हे बोलणं मी मीटिंगच्या बाहेर उभं राहून ऐकलंय, आणि ते दहा गावांना कळावं असं मला वाटतं, तिची इच्छा असली तर, नाव न घालता.

म्हाताऱ्यांची तर आता घाईच आहे. १९४८ ला जे दहा वर्षाचे होते ते आज नव्वदीच्या जवळ आहेत. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्ती दिनाला, झेंडावंदन होतं, स्वामी रामानंद तीर्थांचं, गोविंदभाई श्रॉफांचं नाव घेतलं जातं, घेतलंच पाहिजे. पण माझी आज्जी सांगायची की रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूची हत्यारबंद माणसं, येणार म्हणून रात्री हाकाटी झाली की बायका पोरं घेऊन ज्वारीच्या रानात बसायच्या, लेकराला रडू नये म्हणून तोंडात गुळाचा खडा, आणि पेवात पुरलेली ज्वारी तशीच टाकून बार्शीकडं पायी निघाले. आज्जी गेली, आणि तिचं सांगणं आमच्याकडं कुठं लिहिलेलं नाही, आईला अर्धं आठवतं, मला पाव. आमच्याच गल्लीतल्या एका मुसलमान आजींनी माझ्या आईला त्यांची पण गोष्ट सांगितली होती, पोलीस अ‍ॅक्शननंतर, म्हणजे भारताच्या फौजेनं निजामाचं राज्य घेतल्यावर, त्यांच्या घरावर काय आलं, कोण आलं, आणि कुठल्या शेजाऱ्यानं कणगीमागं लपवलं. पंडित सुंदरलाल समितीनं त्या काळात आपल्याकडं फिरून रिपोर्ट दिला, तो कित्येक वर्षं लोकांपुढं आलाच नाही. दोन्ही आज्ज्या खऱ्याच बोलत होत्या. एकीचं छापायचं आणि दुसरीचं नाही असं करू नका. भांडणं होतील म्हणून लोक घाबरतात, पण माझा अनुभव असा की घोषणेवर भांडण होतं, एखाद्या म्हातारीनं स्वतःचं सांगितल्यावर कुणी भांडत नाही, ऐकून घेतात.

बाहत्तरचा दुष्काळ भोगलेले मात्र अजून गावोगाव आहेत. माझी आई लहानपणी खडी केंद्रावर जायची, मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या तांबड्या ज्वारीची, भाकरी, मुलांना सुकडी. त्यातूनच पुढं रोजगार हमी योजना (रोहयो) कायद्यात आली, १९७७ ला, आणि नंतर देशात गेली. आज रोहयोच्या कामावर जाणाऱ्या पोरींना हे माहीत असावं की हे कुणी दान दिलेलं नाही.

आता लोक म्हणतील की सामान्य माणसाला लिहिता कुठं येतं. अहो आपल्या ह्याच मातीत, वेरूळच्या जवळ देवगाव रंगारीला जन्मलेल्या संत बहिणाबाईंनी सतराव्या शतकात स्वतःचं आयुष्य अभंगात सांगून ठेवलंय. लहानपणी मोठ्या वयाच्या माणसाशी लग्न, नवऱ्याचा मार, आवडतं वासरू गेल्याचं दुःख, तुकोबांवरची श्रद्धा, सगळं स्वतःच्या तोंडून. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी एका बाईनं हे केलं आणि आज ते वाचता येतंय. आणि जात्यावर दळता दळता बायकांनी जे गायलं, माहेरचं, सासरचं, भावाचं, ते हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ ह्यांनी गावोगाव जाऊन गोळा केलं, लाखाच्या वर ओव्या निघाल्या, आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या पण आहेत त्यात. म्हणजे सांगणारे कमी नाहीत, कधीच नव्हते. ऐकून उतरवून घेणारे पाहिजेत.

दुसरी शंका, लोक वाढवून सांगतील, खोटं सांगतील. थोडेफार सांगतील पण. म्हणून माझी सूचना आहे की छापायच्या आधी तीन-चार गोष्टी विचारून घ्या, गाव कुठलं, साल कुठलं, हे तुम्ही डोळ्यानं बघितलं की ऐकलं, तेव्हा बरोबर कोण होतं. मी बघितलं आणि मला अमक्यानं सांगितलं ह्यात फरक करून लिहायला लावा. आठवत नसलं तर आठवत नाही असंच छापा, त्यानं उलट विश्वास वाढतो. दुसऱ्याच्या घरातलं त्याला विचारल्याशिवाय नको, आणि बाईनं सांगितलेलं असलं तर नाव-गाव घालायचं की नाही हे तिलाच विचारा, तिच्या नवऱ्याला नाही. आजारपणाचा अनुभव असला तर खाली एखाद्या डॉक्टरांकडून दोन ओळी तपासून घ्या, म्हणजे एकाला लागू पडलेलं औषध दुसरा न विचारता घेणार नाही. शुद्धलेखन तुमच्या पद्धतीनं नीट करा, पण बोली तशीच राहू द्या, "केलो" ला "केले" करू नका, वाचणाऱ्याला माणूस ओळखीचा वाटला पाहिजे. बक्षीस, स्पर्धा, उत्कृष्ट अनुभव असलं काही ठेवू नका, लोक मग बक्षिसासाठी रडकं लिहितात. आणि सुखाच्या गोष्टी पण येऊ द्या, हुंड्याशिवाय लग्न करून दहा वर्षं नीट संसार झालेल्यांनी सांगावं, दारू सुटलेल्यानं सांगावं की पहिला महिना कसा काढला, कर्ज फेडलेल्यानं सांगावं की कोणता खर्च आधी बंद केला. हे असे लोक माझ्या दुकानात येतात, मला माहीत आहेत, पण त्यांना वाटतं आपल्यात काय विशेष, पेपरात कशाला.

सुरुवात सप्टेंबरात करा, १७ आणि ३० दोन्ही तारखा त्यात येतात, लोकांच्या मनात आधीच आठवणी निघालेल्या असतात. आमच्या भागातलं गोळा करायचं काम मी करतो. मामांनी हो म्हटलंय, फक्त लेकीचं नाव छापू नका म्हणालेत. गोगलगायीवाले काका तयार आहेत. आमचा मुलगा बारावीला आहे, त्याला मराठी टायपिंग चांगलं येतं, दुकानात एक खुर्ची आणि मोबाईल ठेवतो, ज्याला लिहिता येत नाही त्यानं बोलावं, आम्ही उतरवून, त्याला परत वाचून दाखवून, त्याचा अंगठा किंवा सही घेऊन आपल्या लातूर कार्यालयात आणून देऊ. आपल्या प्रत्येक तालुक्याच्या वार्ताहरानं महिन्याला एक म्हातारं माणूस गाठलं तरी पान भरेल. आपला होकार असला तर पेपरात दोन ओळीत छापा, कुणाकडं आणि किती शब्दांत पाठवायचं तेवढं सांगा, मी वाट बघतोय.

आपला नियमित वाचक,
एक कृषी सेवा केंद्र चालक,
ता. औसा, जि. लातूर